चिपचा कारखाना : कुणाच्या पैशाने, कुणासाठी?



'सेमीकंडक्टर' हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो बारावीच्या फिजिक्समध्ये. फर्स्ट इयरला पी-एन जंक्शन येतं, सेकंड इयरला मॉसफेट, पुढे व्हीएलएसआय. ओरलला एक्स्टर्नल विचारतात, "डोपिंग म्हणजे काय?" आपण घोकलेली व्याख्या म्हणून दाखवतो, जर्नलवर सही होते आणि विषय संपतो. पण २०२१ नंतर हा शब्द अभ्यासक्रमातून उठून थेट संसदेत, निवडणुकीच्या सभांमध्ये आणि पेपरच्या पहिल्या पानावर जाऊन बसला. सरकारने चिपच्या कारखान्यांसाठी हजारो कोटी रुपये बाजूला काढले आणि वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणतो, देशाचं भवितव्य यावर अवलंबून आहे. दुसरा म्हणतो, श्रीमंत कंपन्यांना जनतेच्या पैशाने जेवू घालणं चाललंय.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, अर्थशास्त्राचा नव्हे. पण आमच्या विंगमध्ये या विषयावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जी भांडणं होतात, त्यात एक गोष्ट जाणवते. दोन्ही बाजूंचे लोक आकडे न मांडताच भांडतात. इंजिनिअरने तरी असं करू नये. म्हणून हा लेखप्रपंच. आधी कारखाना समजून घेऊ, मग त्याचा हिशोब मांडू आणि शेवटी राजकारणाकडे वळू.

फॅब म्हणजे नक्की काय?

चिप तयार होण्याचे ढोबळमानाने तीन टप्पे. पहिला डिझाइन. हे काम कॉम्प्युटरवर होतं आणि बंगळूर, हैदराबाद, नोएडा, पुणे इथे आपले हजारो इंजिनिअर ते आजही करतात. दुसरा टप्पा फॅब्रिकेशन, म्हणजे शुद्ध सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रत्यक्ष ट्रान्झिस्टर उमटवणं. या चकतीला वेफर म्हणतात (कँटीनमधले वेगळे!). तिसरा टप्पा असेंब्ली, टेस्टिंग आणि पॅकेजिंग. यात वेफर कापून एकेक तुकडा वेगळा करायचा, त्याला पाय जोडायचे, तपासायचा आणि डबीत बंद करायचा.

पेपरमध्ये 'चिपचा कारखाना' अशी बातमी आली की आधी हे बघा : दुसऱ्या टप्प्याचा की तिसऱ्या? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुजरातमधल्या साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प तिसऱ्या टप्प्याचा. आसाममध्ये जागीरोडचा टाटांचा प्रकल्पही तिसऱ्याच टप्प्याचा. धोलेऱ्याचा टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा प्रकल्प मात्र दुसऱ्या टप्प्याचा, म्हणजे खरीखुरी फॅब. तिसऱ्या टप्प्याला कमी लेखायचं कारण नाही. पण वरण-भाताला पुरणपोळी म्हणू नये, एवढंच.

फॅबमध्ये एकाच वेफरवर शेकडो प्रक्रिया होतात. ऑक्साइडचा थर द्या, फोटोरेझिस्ट लावा, मास्कमधून प्रकाश टाका, एच करा, आयन घुसवा, पुन्हा पहिल्यापासून. एक वेफर आत गेला की बाहेर यायला साधारण दोन-तीन महिने लागतात. या काळात हवेतला एक कण नको, पाण्यात एक आयन नको आणि वीज क्षणभरसुद्धा जायला नको. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्सासला हिमवादळ आलं, वीज तोडावी लागली आणि ऑस्टिनची सॅमसंगची फॅब पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे गेले. त्याच वर्षी तैवानमध्ये दुष्काळ पडला आणि तिथल्या फॅब्जना टँकरने पाणी न्यावं लागलं. लोडशेडिंग आणि टँकर या दोन्ही गोष्टी आपण लहानपणापासून बघितलेल्या, त्यामुळे जास्त सांगायला नकोच.

थोडं गणित करू

गणित एक : यील्ड. ३०० मिलिमीटर व्यासाचा वेफर घ्या. क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर. त्यावर १ चौरस सेंटिमीटरच्या चिप्स बसवल्या, तर कडेचे अर्धवट तुकडे सोडून साधारण ६४० मिळतात. आता डिफेक्ट कुठेही पडू शकतो असं धरलं, तर पॉइसन वितरणाने चांगल्या चिप्सचं प्रमाण निघतं : 'ई'चा घात उणे (क्षेत्रफळ गुणिले डिफेक्ट डेन्सिटी). एम-३ मध्ये हे वितरण शिकताना 'याचा उपयोग काय' असं ज्यांनी विचारलं होतं, त्यांच्यासाठी हे उत्तर!

नवशिक्या फॅबमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ०.५ डिफेक्ट धरले, तर यील्ड सुमारे ६१ टक्के, म्हणजे ३८८ चिप्स चांगल्या. मुरलेल्या फॅबमध्ये ०.१ धरले, तर यील्ड ९० टक्क्यांवर, म्हणजे ५७९ चिप्स. वेफर तयार करायचा खर्च दोन लाख रुपये आहे असं फक्त उदाहरणासाठी मानू. नवशिक्याची एक चिप पडली ५१५ रुपयांना, मुरलेल्याची ३४५ रुपयांना. मशीन तेच, वेफर तोच, खर्च तोच. तरी नवा माणूस बाजारात दीडपट महाग. आणि हात बसायला वर्षं लागतात. तोपर्यंत तोटा कुणी सोसायचा? सबसिडीच्या वादाचं मूळ इथे आहे.

गणित दोन : भांडवल. धोलेऱ्याच्या फॅबची जाहीर गुंतवणूक ९१,००० कोटी रुपये आणि क्षमता महिन्याला ५०,००० वेफर, म्हणजे वर्षाला सहा लाख. यंत्रांचं आयुष्य सोयीसाठी दहा वर्षं धरू आणि व्याज सोडून देऊ. तरी दर वेफरवर नुसता भांडवलाचा बोजा सुमारे दीड लाख रुपये. केमिकल, वीज, पगार सगळं वेगळं. कारखाना अर्ध्याच क्षमतेने चालला तर हाच बोजा तीन लाख. आणि भांडवलाचा ७० टक्के भार सरकारने उचलला असं मानलं, तर कंपनीच्या डोक्यावर उरतात दर वेफरला साधारण ४५,००० रुपये.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, सबसिडीशिवाय नवा माणूस या धंद्यात पाय ठेवणार नाही. दोन, सबसिडी मिळाली तरी ऑर्डर नसेल तर कारखाना पांढरा हत्ती. पहिला निष्कर्ष सरकारवाले सांगतात, दुसरा विरोधक सांगतात. दोघंही खरं बोलतात, पण अर्धं.

आपण आधीही हे करून बसलोय

पुष्कळांना वाटतं, भारताने हा उद्योग आत्ताच मनावर घेतला. तसं नाही. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९७६ मध्ये मंजुरी दिली. १९८४ मध्ये ५ मायक्रॉन तंत्रज्ञानावर उत्पादन सुरू झालं. पुढे ०.८ मायक्रॉनपर्यंत मजल गेली. तैवानची टीएसएमसी स्थापन झाली १९८७ मध्ये. म्हणजे आपण तीन वर्षं आधी सुरुवात केली होती!

मग काय झालं? फेब्रुवारी १९८९ मध्ये मोहालीच्या कारखान्याला भीषण आग लागली आणि सगळं खाक झालं. पुन्हा उभं राहायला १९९७ उजाडलं. या धंद्यात आठ वर्षं म्हणजे चार पिढ्या. २००६ मध्ये ही संस्था अवकाश विभागाकडे गेली, कंपनीची प्रयोगशाळा झाली आणि आज तिथे १८० नॅनोमीटरवर काम चालतं. इस्रोच्या रॉकेटसाठीचा 'विक्रम ३२०१' हा ३२ बिटचा प्रोसेसर तिथलाच. तो सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीरपणे सादर झाला. म्हणजे काम थांबलं नाही, पण बाजाराशी नातं तुटलं.

फक्त आगीला दोष देऊन मोकळं होता येत नाही. तैवानच्या सरकारनेही भरपूर पैसा ओतला. टीएसएमसीच्या सुरुवातीच्या भांडवलात जवळपास निम्मा वाटा सरकारी निधीचा होता, शिवाय हॉलंडच्या फिलिप्सचा चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त. पण त्या आधी दहा-अकरा वर्षं त्यांनी आपले इंजिनिअर अमेरिकेत आरसीए कंपनीत पाठवून तंत्रज्ञान शिकवून आणलं होतं. मॉरिस चँग यांच्यासारखा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये आयुष्य घालवलेला माणूस बोलावून त्याच्या हाती सूत्रं दिली. आणि पहिल्या दिवसापासून माल जगाला विकायचं ठरवलं. पैसा, माणसं आणि गिऱ्हाईक, तिन्ही पाय एकाच तिवईला होते. आपल्या तिवईचा गिऱ्हाइकाचा पाय कायम लंगडा राहिला.

पुढे २००७ मध्ये केंद्राने विशेष प्रोत्साहन योजना आणली. हैदराबादला 'फॅब सिटी'चीही घोषणा झाली होती. फॅब आली नाही. त्याच वर्षी इंटेलने चीनच्या दालियन शहरात अडीच अब्ज डॉलर्सची फॅब जाहीर केली. २०१३-१४ मध्ये उत्तर प्रदेश आणि गुजरातमधल्या दोन प्रस्तावांना मंजुरी मिळाली. दोन्ही मिळून ६३,००० कोटींच्या वर. तेही कागदावरच राहिले. या दोन खेपांवेळी दिल्लीत सरकार काँग्रेस आघाडीचं होतं, आज भाजप आघाडीचं आहे. म्हणजे फॅब हवी हे दोघांनाही मान्य. भांडण आहे ते कशी, कुठे आणि किती पैशात, यावर.

सध्याची योजना

२०२०-२१ मध्ये जगभर चिप्सचा तुटवडा झाला. आपल्याकडेही गाड्यांच्या कंपन्यांना उत्पादन कमी करावं लागलं. लाखो रुपयांची गाडी थोडक्या रुपयांच्या चिपवाचून अडून बसली. या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सप्टेंबर २०२२ मध्ये नियम सुधारले. फॅब कुठल्याही नॅनोमीटरची असो, प्रकल्पखर्चाच्या ५० टक्के केंद्र देणार. शिवाय राज्य सरकारं आपापली भर घालतात. साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पात केंद्राचे ५० आणि गुजरातचे २० असे ७० टक्के सरकारी.

ऑगस्ट २०२५ पर्यंत सहा राज्यांत दहा प्रकल्पांना मंजुरी मिळाली होती आणि एकूण गुंतवणुकीचा आकडा होता सुमारे १.६० लाख कोटी. ही राज्यं म्हणजे गुजरात, आसाम, उत्तर प्रदेश, पंजाब, ओडिशा आणि आंध्र प्रदेश. यात महाराष्ट्र नाही. त्यावर पुढे येतोच.

वादाचे मुद्दे

पहिला मुद्दा : दर नोकरीमागे किती? जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री एच. डी. कुमारस्वामी यांनीच हा प्रश्न जाहीरपणे विचारला. त्यांचं गणित असं की एका अमेरिकी कंपनीला ७० टक्के सबसिडी, नोकऱ्या सुमारे पाच हजार, म्हणजे एका नोकरीमागे ३.२ कोटी रुपये. नंतर त्यांनी खुलासाही केला. पण आकडा आपण तपासू. २.७५ अब्ज डॉलर्सचे ७० टक्के म्हणजे १.९२५ अब्ज. भागिले पाच हजार, म्हणजे ३,८५,००० डॉलर्स. डॉलर तेव्हा ८३ रुपयांच्या आसपास. उत्तर ३.२ कोटी. गणित बरोबर आहे! कंपनीने सांगितलेल्या पंधरा हजार अप्रत्यक्ष नोकऱ्या धरल्या तर आकडा ८० लाखांवर येतो. तरी थोडा नव्हे. यावर समर्थकांचं म्हणणं असं की चिप हा पायाभूत उद्योग आहे. धरण बांधताना आपण धरणावर किती माणसं कामाला लागली ते मोजत नाही, किती शेत भिजलं ते मोजतो. मला हा युक्तिवाद पटतो. पण एका अटीवर : किती शेत भिजलं ते दहा वर्षांनी मोजून दाखवा.

दुसरा मुद्दा : हाच पैसा शिक्षणावर का नाही? रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी हा मुद्दा अनेकदा मांडला. ७६,००० कोटींचा आकडा केंद्राच्या उच्च शिक्षणाच्या वर्षभराच्या तरतुदीपेक्षा मोठा आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. आपलं बलस्थान डिझाइन आणि माणसं, तिथे पैसा घाला, असा त्यांचा आग्रह. इथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. ७६,००० कोटी अनेक वर्षांत मिळून खर्च व्हायचे आहेत, शिक्षणाची तरतूद दरवर्षीची असते. तुलना थोडी सैल आहे, पण प्रश्न खराच आहे.

तिसरा मुद्दा : स्वावलंबन. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप्स आणि यंत्रं विकण्यावर कडक बंधनं घातली. चिप हे हत्यार होऊ शकतं, हे सगळ्या जगाने बघितलं. म्हणून 'आपली फॅब हवी'. मात्र फॅब आपली झाली तरी यंत्रं हॉलंड, जपान, अमेरिकेची, तंत्रज्ञान तैवानचं. संपूर्ण स्वावलंबन कुणाकडेच नाही, खुद्द अमेरिकेकडेही नाही. फॅबने परावलंबन संपत नाही, कमी होतं. शिवाय चीन जुन्या नोडच्या चिप्सची प्रचंड क्षमता उभी करतोय. आपण २८ नॅनोमीटर घेऊन बाजारात उतरू तेव्हा समोर स्वस्त चिनी माल असेल. मग टॅरिफ लावायचे का? लावले तर आपलेच मोबाइल आणि गाड्या महागणार.

आणि हा वाद काही आपल्याकडेच नाही. अमेरिकेचा चिप्स कायदा ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. त्यात ५२.७ अब्ज डॉलर्सची तरतूद, पैकी ३९ अब्ज कारखान्यांसाठी. सिनेटमध्ये तो ६४ विरुद्ध ३३ मतांनी मंजूर झाला. डाव्या विचारांचे बर्नी सँडर्स विरोधात होते, कारण त्यांच्या मते ही कंपन्यांना वाटलेली खिरापत. पुढे उजव्या बाजूचे डोनाल्ड ट्रम्प यांनीही मार्च २०२५ मध्ये हा कायदा रद्द करा म्हटलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्रम्प सरकारनेच इंटेलला देऊ केलेल्या पैशाच्या बदल्यात कंपनीचे सुमारे १० टक्के शेअर्स घेतले! पैसा जनतेचा तर मालकीही जनतेची, हा विचार भांडवलशाहीच्या माहेरघरी निघाला, ही गंमतच.

तळेगावचं काय झालं?

आता आपल्या घरचा विषय. वेदांता आणि फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा प्रकल्प पुण्याजवळ तळेगावला येणार अशी चर्चा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने गुजरातशी करार केला आणि महाराष्ट्रात रान पेटलं. जूनमध्येच राज्यात सत्तांतर झालं होतं. विरोधक म्हणाले, तुम्ही प्रकल्प घालवला. सत्ताधारी म्हणाले, तुमच्याच काळात तो गेला. कट्ट्यावर आम्हीही भांडलो. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने भागीदारीतून अंग काढून घेतलं आणि तो प्रकल्प ना तळेगावचा राहिला, ना गुजरातचा. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने पनवेलजवळ तळोज्याला अदानी आणि इस्रायलच्या टॉवर कंपनीच्या सुमारे ८४,००० कोटींच्या फॅबला मान्यता दिली. पण केंद्राच्या ऑगस्ट २०२५ पर्यंतच्या दहा मंजुऱ्यांमध्ये ती दिसत नाही.

राज्याराज्यांतली चुरस वाईट नाही. पण जमीन, वीज, पाणी, करमाफी यांची बोली लागली की फायदा कंपनीचा होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी प्रकल्प गुजरात-आसामकडे वळवले जात असल्याचा आरोप केला आणि आसामच्या मुख्यमंत्र्यांशी त्यांची जाहीर जुंपली. सबसिडी केंद्राची असताना जागा कुठल्या निकषावर ठरते, हे कागदावर जाहीर झालं तर अर्धी भांडणं मिटतील.

आपला काय संबंध?

मला विचाराल तर सबसिडी द्यावी या मताचा मी आहे. गणित दोन पाहिल्यावर दुसरा मार्ग दिसत नाही. पण 'पी हळद आणि हो गोरी' असा हा विषय नाही. योजनेतली एक चांगली गोष्ट अशी की पैसा कंपनीच्या खर्चाच्या प्रमाणात टप्प्याटप्प्याने मिळतो, एकरकमी नाही. ही शिस्त टिकली पाहिजे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. प्रत्येक भाषणात 'आमच्याकडे तरुण इंजिनिअर आहेत' असं सांगितलं जातं. ते तरुण म्हणजे आपण. सरकारने २०२२ मध्ये पाच वर्षांत ८५,००० इंजिनिअर चिप डिझाइनसाठी तयार करायचा कार्यक्रम आखला, त्यातून कॉलेजांना महागडी ईडीए सॉफ्टवेअर वापरायला मिळतात. स्तुत्य आहे. पण ज्या कॉलेजांत अजून ८०८५ च्या किटची बटणं अडकतात, तिथवर हे कधी पोचणार? क्लीनरूम हा शब्द आम्ही फक्त पुस्तकात वाचलाय. केमिकलवाल्यांना फोटोरेझिस्ट कुणी शिकवत नाही, मेकॅनिकलवाल्यांना व्हॅक्यूम सिस्टिम आणि व्हायब्रेशन कंट्रोल फॅबसाठी लागतात हे कुणी सांगत नाही. फॅबमध्ये इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांपेक्षा या दोघांची गरज काकणभर जास्तच असते. मंजूर रकमेचा अगदी लहान हिस्सा जरी प्रादेशिक प्रशिक्षण फॅबसाठी राखला, पाच-सहा जिल्ह्यांच्या कॉलेजांनी मिळून वापरायची एक जुनी, साधी, मोठ्या नोडची लाइन उभी केली, तर यील्ड म्हणजे काय हे पोरं स्वतःच्या हाताने वेफर वाया घालवून शिकतील. तैवानने आधी माणसं घडवली, मग भिंती बांधल्या.

कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअर कंपनी येते, ऑफर देते, आणि कोअर ब्रँचचा मुलगा मुकाट्याने सही करतो. त्याला दोष कसा द्यायचा? घरी कर्जाचा हप्ता वाट बघत असतो. मीही हे गणित रोज मांडतोय आणि माझं उत्तर अजून निघालेलं नाही. पण हे उत्तर फक्त माझं नाही, त्या ७६,००० कोटींचंही आहे. माणसंच आली नाहीत तर यंत्रं कोण चालवणार?

तर मित्रांनो, पुढच्या वेळी नव्या फॅबची घोषणा झाली की टाळ्या वाजवण्याआधी आणि शिव्या देण्याआधीही पाच प्रश्न विचारा. फॅब की पॅकेजिंग? किती नॅनोमीटर आणि महिन्याला किती वेफर? तंत्रज्ञान कुणाचं, आणि करार झालाय की नुसता इरादा? गिऱ्हाईक कोण? आणि सरकारचा पैसा कुठल्या टप्प्याला बांधलेला आहे? पाचही उत्तरं मिळाली तर तो प्रकल्प. नाही मिळाली तर ती नुसती बातमी.